बरोबरची खूण

दुकानातला पोरगा म्हणाला, चार कार्यक्रम एकाच वेळी,
एक टेराबाइट, फोनवरून हुकूम सोडा, आवाजाने शोधा.
मी विचारलं, रेकॉर्डचं बटण केवढं आहे?
त्याने रिमोट उलटसुलट केला
आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.
"कुणासाठी?"
कुमुदिनीआत्यासाठी. वय सत्त्याऐंशी.
उजव्या डोळ्याच्या मधोमध एक राखाडी ठिपका,
ती बघेल तिथे तिच्याआधी जाऊन बसणारा.
पासवर्ड नको, इंटरनेट नको.
"मग हा," म्हणत त्याने खालच्या फळीवरचा
सगळ्यांत स्वस्त डबा काढला, जरा हिरमुसून.

हडर्सफील्डला तिच्या खिडकीतून एमली मूरचा मनोरा दिसतो,
टेकडीत रोवून कुणी विसरलेली पहार.
त्याचे लाल दिवे मोजल्याशिवाय ती पडदा ओढत नाही.
"तिथून इथवर येतं ना सगळं? मग मध्ये हा डबा कशाला?"
मी तोवर टीव्हीच्या कपाटामागे आडवी,
तोंडात टॉर्च, नाकात सव्वीस वर्षांची धूळ.
सापडलं : एक कानातलं, दोन पेन्सचं नाणं,
आणि आतोबांच्या अक्षरातली एक चिकटपट्टी,
"क्रिकेट. पुसू नये."
कॅसेट कुठेच नव्हती.
तिने पट्टी घेतली, डोळ्याच्या कडेने वाचली,
चष्म्याच्या घरात ठेवून दिली.

यंत्र चॅनेल शोधत बसलं.
बारा टक्के. बारा टक्के. बारा टक्के.
एकदम एकाहत्तर.
मग रिमोटची शस्त्रक्रिया :
त्रेचाळीस बटणं, एकोणचाळीस पट्टीखाली गाडली,
उरलेल्या चारांवर तिच्याच नेलपॉलिशचे थेंब.
"जाड टाक. बोटाला कळायला हवं, डोळ्याचं सोड."
इन्फर्मरीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं
काचपट्ट्यांना लेबलं लावलेली बाई ती.
वहीत मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहून दिल्या.
तिने पेन मागितलं. वाटलं, एखादी पायरी चुकली.
"बटण निट दाबणे," तिने भिंग धरून वाचलं,
आणि माझ्या ऱ्हस्वाला दीर्घ केलं.

साडेचारची प्रश्नमंजुषा, सोमवार ते शुक्रवार.
त्या वेळी तिचा डोळा लागतो म्हणून तर हा खटाटोप.
पण म्हणाली, "आठवडाभर बघत नाही मी.
उत्तरं काय भिंतीला सांगू?
तू रविवारी ये, मग बघू."

अकरा रविवार मी हरले.
कझाकस्तानची राजधानी, बेरिलियमचा अणुक्रमांक,
कुठल्या राणीला किती मुलं,
प्रश्न संपायच्या आत ती, बिस्किट चहात बुडवता बुडवता.
भावाला फोन करून सांगितलं मी,
बुद्धी बघ म्हातारीची, आपण घासलेट झालो.
फक्त एका गुरुवारच्या भागात
मध्यावर गप्प झाली होती.
दमली असेल, मी आवाज कमी केला होता.

आज ती स्वयंपाकघरात, दूध उतू चाललेलं,
आणि माझा अंगठा चुकून पट्टीखालच्या बटणावर.
यादी उघडली, तपशीलवार.
पाचही भागांपुढे बारीक हिरवी खूण,
शाळेच्या वहीत बरोबरला असते तशी : शेवटपर्यंत पाहिले.
वर सरकत गेले. हा आठवडा, मागचा, त्या मागचा.
सगळीकडे बरोबर, बरोबर, बरोबर.
एका गुरुवारपुढे मात्र अर्धीच रेघ,
एकतिसाव्या मिनिटाला थांबलेली.
त्या दिवशी दुपारी बॉयलरवाला आला होता.

ती ट्रे घेऊन आली, मान वाकडी करून
पडद्याकडे कडेने बघत उभी राहिली.
"ते हिरवं काय गं?"

कपबश्या घेतल्या मी तिच्या हातातून.
म्हटलं, "यंत्र नीट चालतंय त्याची खूण."
नी दीर्घ.