पंखा बंद

तिस्कावरच्या माझ्या दुकानात
रात्री साडेदहाला येतो तन्वेश गावस,
कुंडईच्या कारखान्यात दिवसभर
गोळ्यांची पाकिटं मोजून,
कदंबातून उतरून, डबा निम्मा तसाच.
कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणे.
म्हणून चवथीच्या शिलाईतले सत्तावीस ब्लाउज,
दोन परकर, बिनबाह्यांचा एक कोट
हा त्याचा स्टुडिओ.

पंखा बंद. मशीन बंद.
मी हातशिलाई घेते, हुक लावते.
दातांनी दोरा तोडला
तर तोही ऐकू येतो त्याला हेडफोनात:
"मावशी, परत."
एक ओळ एकेचाळीस वेळा.
मी मोजते. हुकही तितकेच होतात.

गेल्या आठवड्यात म्हणाला,
बाबांचं गाणं झालं, ऐक.
खाण बंद पडली, दारात ट्रक रडतो,
असं काहीसं. ठेका असा
की माझा पाय आपोआप पायट्यावर गेला.
पण मी म्हटलं, ट्रक रडतो होय रे?
बघितलास तू?

तो गप्प.
माइकला गुंडाळलेला माझा मलमलीचा तुकडा
सोडत बसला, बांधत बसला.

रविवारी पिसुर्ल्याला गेला.
सोमवारी दारातूनच सांगत आला:
टायर नाहीत, ताईच्या लग्नात विकले.
सीटखाली कोंबडी अंड्यांवर बसलीय.
आणि बाबा रोज सकाळी
आरसा पुसतात.
फक्त आरसा.
एवढं बोलला आणि जुनं गाणं
पुसून टाकलं समूळ,
ज्याला दोस्तांनी टाळ्या
आधीच वाजवून झाल्या होत्या.

अकरा होती, आता नऊ.
कुणी विचारलं, अल्बम कधी,
तर म्हणतो, झाला की,
आणि पहिल्या गाण्यातला एक 'पण' काढतो,
श्वास घ्यायला जागा ठेवतो,
चार दिवसांनी तो 'पण' परत आणतो.

शिरोडकरांच्या सुनेला ब्लाउज पसंत पडलाय.
डाव्या बगलेत किंचित ओढतो,
तिला कळलं नाही.
मला कळलंय.
रात्री बारा वाजता, घामाने मान भिजलेली,
मी तो उसवायला घेतला.
उसवताना आवाज होत नाही फारसा.
तरी त्याने मान वळवली,
हेडफोन एका कानावरून सरकवला:
"ब्लेड नवीन घे, मावशी.
करकरतं."