डबा

पंचनाम्याच्या चौथ्या पानावर, ओळ सतरावी:
'स्टीलचा डबा, तीन खणी, एक नग.
झाकण काळवंडलेले. आत खराब झालेले अन्न.'
हे एक पान हातात यायला
दोन अपिलं लागली, अडीच वर्षं,
आणि दहा रुपयांचा स्टॅम्प.

कंपनी म्हणते, काशिनाथ ढगे त्या रात्री आत नव्हता.
हजेरीपटावर नाव नाही.
हजेरीपट ठेकेदाराचा, ठेकेदार परभणीकडचा,
आणि परभणीकडे त्याला कुणी ओळखत नाही.

त्या रात्रीचं विचारलं की मी वासापासून सुरू करते.
लसणासारखा, म्हणते, सडक्या लसणासारखा.
लिहून घेणारा पेन थांबवतो, 'नेमका कुठला वायू?'
साहेब, नाकाला शाळा नव्हती.
आधी कुत्री गेली, मग प्रयागबाईच्या कोंबड्या,
मग रांजणगावची आमची अख्खी गल्ली
ओला पदर तोंडाला लावून पळायली,
आणि पळायली ती वाऱ्याच्याच वाटेनं,
कारण उलटीकडं पळा म्हणून सांगणारा भोंगा
दुरुस्तीला काढून ठेवला होता.

पहाटे पहिली गाडी आली ती अ‍ॅम्ब्युलन्स नव्हती.
टँकर होता. कंपनीपुढचा रस्ता धुवायला.
आम्हाला आठ दिवसांतून एकदा येतो, तोच.

घाटीत वर्षातून दोनदा बोलावतात.
पांढऱ्या नळीत फुंकायचं.
'फुंका बाई, फुंका, अजून, अजून, सोडू नका.'
मशीन आकडा देतं.
चाळीस टक्के बिघाड असला तर मदत.
माझा अडतीस, मुनीरभाईचा एकोणचाळीस.
'सुदामती, जरा कमी फुंकलो असतो तर?'
तो हसला, हसू खोकल्यात गेलं
आणि तिकडंच राहिलं.
पुढच्या खेपेलाही आम्ही जीव तोडून फुंकलं.
काहून, ते त्यालाही सांगता येईना.

कंपनीनं नाव बदललं.
जुन्या पाटीची चार भोकं भिंतीत तशीच,
नवी पाटी दोन खिळ्यांवर भागली.
वॉचमन तोच. म्हणतो, 'ती कंपनी येगळी होती, ताई.'
त्याचेही डोळे दिवसभर गळतात.
त्यानं अर्ज केलेला नाही. त्याला नोकरी आहे.

कामगार न्यायालयात त्यांचा वकील तरुण, अदबीचा.
मला बसायला खुर्ची त्यानंच ओढून दिली.
'आम्हाला वाईट वाटतं, पण पुरावा?'
मी म्हणलं, डब्यावर नाव आहे.
लग्नात भांड्यांवर नावं कोरायला
भोकरदनचा माणूस बसवला होता, अक्षराला दोन रुपये.
बापानं पैसे वाचवले: सु. का. ढगे.
वाचा ना पुढं, ओळ अठरावी:
'झाकणावर अक्षरे, सु. का. ढ. पुढील अस्पष्ट.'

वकील म्हणाला, सु. का. ढ. म्हणजे कुणीही असू शकेल.
असू द्या कुणीही.
कुणीतरी आत होतं ना? जेवायचं राहिलं होतं ना त्याचं?
मग तो कुणीही कोण होता,
तेवढं तुम्हीच सांगा.

पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला.
साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला,
टाइप करणाऱ्या पोरीला म्हणाले,
ही ओळ घ्या.

पुढची तारीख एकवीस.
डबा मुद्देमालाच्या खोलीत आहे, चिठ्ठी बांधून.
प्रयागबाई विचारते, मिळाला तर काय करशील?
घासीन, म्हणाले. आधी राखेनं घासीन.
रात्री वाटलं, नको.
काळाच राहू दे, अजून तारखा आहेत.

कागदात नाही असं एकच राहिलंय.
वरच्या खणात मेथीची भाजी होती.
लसूण जास्त घातला होता मी,
त्याला लागायचा म्हणून.