उघडी रेघ

रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये पिंपळ आला तो ईमेलने.
आर्किटेक्टबाईंनी लिहिलं होतं :
प्रत्येक बाल्कनीला पश्चिमेकडून एक पडदा,
आठ बाय चार, अ‍ॅल्युमिनियम, तीन एमएम, रंग गंजका.
(गंज न चढणाऱ्या धातूला गंजाचा रंग.
पावडर कोटिंगवाला हसला, पण दर लावला चोख.)

फाईल उघडली तर पानांची टोकं इतकी बारीक
की लेझर तिथे वळेपर्यंत पत्राच वितळला असता.
मी ती आखूड केली. एकेक करून, तीन रात्री.
पिंपळाचं विड्याचं पान झालं
आणि कुणी काही बोललं नाही.

दोनशे चाळीस पत्रे.
मशीनवर इम्तियाज, खाली पानांचा खच.
लोकांना वाटतं आम्ही पानं करतो.
आम्ही पानं काढून टाकतो.
इमारतीवर चढतात ती भोकं,
पानं जातात तुर्भ्याला, गोणीत खुळखुळत, किलोच्या भावाने.

दोन वर्षांनी उलव्याहून तक्रार :
चौदाव्या मजल्यावरचा पडदा वाजतो.
खाडीवरून वारा सुटला की रात्रभर
कुणी परात बडवतंय.
फिटर सुट्टीवर. मालक म्हणाले, तू जा,
नाहीतरी डिझाईन तुझंच.

मोकलांचं घर. दुपारचे साडेचार.
चपला काढून आत पाऊल टाकलं
आणि तिथेच थांबले.
फरशीवर, सोफ्यावर, फ्रिजच्या दारावर
माझी पानं पडली होती, उन्हाची,
आणि ऊन तिरकं, म्हणून लांब.
मी छाटलेली टोकं
भिंतीपर्यंत परत वाढली होती.

सूनबाई, प्रणिता, चहा टाकायला गेल्या.
बाल्कनीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर म्हातारबा,
कमरेला टॉवेल, अंगभर पानं,
फक्त डोळ्यांवर सावली.

मी बोल्ट पाहिला. रबराचा वॉशर पडून गेलेला,
पाच रुपयांची वस्तू.
नवा घातला, आवळला, पत्रा मुका झाला.
मग नजर गेली : तिसऱ्या ओळीत, डावीकडून सातवं,
एक पान कापलेलंच नाही.
नुसता सपाट पत्रा.

लगेच कळलं कसं झालं असेल ते.
टोक छाटताना त्या एका पानाची रेघ
मी पुन्हा जोडलीच नव्हती.
उघड्या रेघेला मशीन ओळखत नाही,
ओलांडून पुढे जातं.
म्हणजे या एकाच पत्र्यात नाही. दोनशे चाळीसांत.
कठड्यावरून वाकून खाली पाहिलं,
तेरावा, बारावा, अकरावा,
तिसरी ओळ, सातवं, तिसरी ओळ, सातवं.
बिल्डर, आर्किटेक्ट, क्वालिटीवाला पोरगा,
सगळ्यांच्या सह्या त्यावर.

"चुकलंय आमच्याकडून," मी म्हटलं,
"ग्राइंडर आणलाय, दहा मिनिटांत मोकळं करते."

"यो बुजलेला हाय ना," म्हातारबा म्हणाले,
"त्याला हात लावू नको."
पन्नास वर्षं मिठागरात गेली त्यांची.
पांढऱ्यावर पडलेलं ऊन डोळ्यांत शिरलं
ते अजून बाहेर आलेलं नाही.
या एका पानाखाली ते खुर्ची लावतात,
ऊन सरकतं तसे सरकतात,
अर्ध्या तासाला एक फरशी.
सहा वाजता भिंत लागते, मग उठतात.

चहा गोड होता फार.
कामाच्या कागदावर मी लिहिलं :
वॉशर एक नग, आवाज बंद.
त्यांनी न वाचता सही केली, डोळे मिटून,
आणि खुर्ची जराशी डावीकडे घेतली.

परवा पनवेलची ऑर्डर आली, पाचशे दहा पत्रे.
स्क्रीनवर ते पान मोठं करून पाहिलं.
दोन टोकांमध्ये केसाएवढी फट.
एका क्लिकचं काम.
इम्तियाजने मशीनवरून ओरडून विचारलं,
"ताई, फाइल वही है ना?"

मी म्हटलं, वही.