श्वास रोखा

शेपू कापायचा राहून गेलाय, असं गुंटिसला वाटतं.
कुंपणापलीकडून तो रोज आठवण करतो :
वेल्टा, ऑक्टोबर लागला.
मी हो म्हणते, आणि गुडघ्यांखाली
जुन्या गादीचा तुकडा सरकवून
पुन्हा बसते ओल्या मातीत, कॅमेऱ्यामागे.

वाळलेल्या शेपूची छत्री जवळून पाहिलीत कधी?
कापड उडालेलं, नुसत्या काड्या उरलेल्या,
आणि प्रत्येक काडीच्या टोकाला
पुन्हा एक इवलीशी छत्री, तिचंही कापड उडालेलं.
तिच्या मधोमध आज एक ढेकूण बसलाय.
गादीतला नव्हे, बागेतला, पाठीवर ढाल असलेला.
उन्हाळाभर हिरवागार होता,
आता बियांच्याच रंगाचा झालाय,
शोधावा लागतो.

वारा गौया नदीकडून येतो, थांबत थांबत.
एक डोळा मिटून, बोट बटणावर ठेवून
मी पुटपुटते : श्वास रोखा.

एकतीस वर्षं हेच म्हणत आले
वाल्मिएराच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत,
जाड काचेमागून.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास रोखा.
सोडा.
सुतार, गवळणी, बँडमध्ये तुतारी वाजवणारा एक पोरगा,
सगळ्यांनी माझं ऐकलं.
ढेकूण ऐकत नाही.
तो मिशी हलवतो
आणि फोटोत मिशीच्या जागी धूर येतो.

सवय जात नाही.
खसखशीचं बोंड पडद्यावर मोठं करते
आणि नजर आपोआप शोधायला लागते
तिथे जे असू नये ते.
सापडतंही : मुकुटाखाली, डावीकडे,
टाचणीच्या डोक्याएवढं भोक, कडा स्वच्छ.
कोणीतरी आत वाढलं, पोट भरलं, निघून गेलं.
उरलेल्या बिया हलवल्या की वाजतात.

माल्दाच्या फिल्मवर कडा स्वच्छ नव्हत्या.
उजेडाच्या चौकटीवर लावली, आणि कळलं.
आम्हाला सांगायची मुभा नव्हती.
डॉक्टर सांगतील, एवढंच म्हणायचं.
मी तेही म्हटलं नाही. म्हटलं,
ब्लाउज घाल, इथे गारठा आहे.
ती बटणं लावत म्हणाली,
शनिवारी ये, शेपूचं बी ठेवलंय तुझ्यासाठी.

गेले. तिला बुधवारपर्यंत कळणार नव्हतं.
दोघी उकडलेले बटाटे खात बसलो
आणि बोलत राहिलो शेपूबद्दल,
शेपूबद्दल इतकं काही बोलता येतं
हे मला माहीत नव्हतं.

वीजबिलाच्या पाकिटातलं ते बी
मी एकदाच पेरलं.
नंतर ते आपलं आपण पडतं, आपण उगवतं,
दर वर्षी पाऊलभर
गुंटिसच्या बाजूला सरकत.

काय बघतेस गं त्यात एवढं?
आज त्याने विचारलंच.
मी कॅमेरा कुंपणावरून पुढे केला.
त्रेचाळीस फोटो, त्यातला एकच बरा.
त्याने शर्टाला चष्मा पुसला,
पडदा नाकाजवळ नेला, दूर नेला,
ओठ हलवत काहीतरी मोजलं.
याला पाचच पाय आहेत, म्हणाला.

मी पुन्हा पाहिलं.
मागचा उजवा. मुळापासून नाही.
एकतीस वर्षं फिल्मा लावल्या मी,
सकाळपासून याच्यासमोर बसलेय,
आणि मला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने गवत कापायचं यंत्र काढलं.
अख्खं अंगण भादरलं, सफरचंदाखालचंसुद्धा,
आणि कुंपणालगत
यंत्राच्या रुंदीएवढा पट्टा तसाच सोडला,
त्यात माल्दाचा शेपू, चार-पाच काड्या.
पेट्रोल संपलं, म्हणाला.

पेट्रोलचा डबा पायरीवर होता.
त्याने तो दोन्ही हातांनी उचलून
आत नेला.