पाऊण इंच

लायसन माझ्या नावचं,
तरी त्यानं बंदूक दिली भरमूच्या हातात.
भरमू माझा भाऊ, नुसता सोबतीला आलेला.
लगेच खांद्याला लावली, एक डोळा मिटला,
पंख्यावर नेम धरला.

दस्तगीर शिकलगारानं तळहातानं नळी खाली दाबली.
"पंख्यानं काय केलंय तुमचं?"
मग कागद बघितला. कानडी कागद,
त्यात माझं नाव, मला न वाचता येणारं, पण माझंच.
चष्म्यावरून माझ्याकडं. "आक्का, तुमची होय?
मग तुम्ही या की इकडं."

मला ती दुनळी आवडली होती, कुंद्यावर मोर कोरलेली.
"वरातीत मिरवायला बरी ती. तुम्हाला कशाला पायजे?"
रताळ्यात डुकरं येतात, म्हटलं. जांबोटीच्या वर आमचं रान.
नवरा गोव्यात, पंधरवड्यानं येतो.
हवेत आवाज काढला तरी पुरे.
"आवाज सगळ्याच काढतात.
हलकी घेऊ नका, हलकी लाथ मारती.
जड घ्या, पण बांधावरनं तुमची तुम्हाला नेता येईल इतकीच जड."

एकनळी काढली. मधोमध मोडली, कोयरीसारखी उघडली.
दारातून वर धरायला लावली.
"काय दिसायलंय?"
रुपयाएवढं आभाळ. त्यात अर्धी घार.
घार गेली, आभाळ राहिलं.
"हे दिसल्याशिवाय रिकामी म्हणायचं नाही.
मी सांगितलं तरी नाही.
आत्ता मी बघितलंय, तुम्ही बघितलंय,
भावाच्या हातात गेली की त्यानं परत बघायचं.
रिकामी हाय म्हणत म्हणतच माणसं गेलीत."

माझं बोट आपलं आपण आत गेलेलं,
जसा अंधारात हात बटणाकडं जातो.
मला कळलंच नव्हतं.
"बोटाला उंबऱ्याच्या बाहेर बसायला शिकवा," तो म्हणाला,
"बोलावल्याशिवाय आत येऊ द्यायचं नाही."

कुंदा बगलेत अडकत होता.
त्यानं कोपरापासून बोटापर्यंत दोरी धरली, गाठ मारली.
"बाप्यांच्या मापाची असतीया सगळी. पाऊण इंच कापूया."

मी नुसती बघत राहिले.
सायकल, कोयता, एसटीचा वरचा दांडा,
बँकेतली खिडकी,
सगळीकडं मीच टाचा वर केलेल्या.
वस्तूच कापता येते, हे
चाळीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

करवत चालू झाली. अक्रोडाचा भुसा, गोडसर वास.
"घरात ल्हान कोण?"
पोरगा. सातेरी. सातवं चाललंय.
करवत थांबली.
"कुठं ठेवणार?"
माळ्यावर, पोत्यांच्या मागं.
"माळा पहिला पोरांनाच गावतो.
लपवू नका, कुलूप घाला.
काडतुसं दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या किल्लीची.
आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवू नका,
पोर कुशीत झोपतं."

मी गळ्यावरचा हात काढला.
तसंच ठरवून आले होते.

कापलेला तुकडा त्यानं फुंकून माझ्या हातात ठेवला,
चकलीएवढा जाड, लांबट गोल.
पैसे याचेही घेतलेत, म्हणाला, न्या.

पंधरा दिवसांनी निवडणूक लागली.
बंदुका ठाण्यात जमा करा, दवंडी नाही, व्हॉट्सअॅपवर आलं.
खानापूरच्या रांगेत सगळे बापे.
हवालदारानं माझ्या मागं बघितलं, कुणी आहे का.
मी उघडून दाखवली, आभाळ, मग दिली.
कानडी पावती घेऊन आले.

आता त्या रात्रीपासून डुकरं रोज.
मी तेलाचा डबा बडवते, जसा गेल्या वर्षी बडवत होते.
गोळीमुळं एकही रताळं वाचलेलं नाही अजून.

सातेरीनं तुकड्याला सोड्याची चार टोपणं ठोकलीत.
गाडी केलीय. शहाबादीवरून खडखड जाते,
पेटीच्या कुलपाला धडकून परत येते.
परवा अंधारात माझ्या पायाखाली आली,
पडता पडता वाचले.
शिव्या घातल्या, मग उचलून नीट खाटेखाली ठेवली.
बंदुकीतलं तेवढंच त्याचं.