दुसरा हात

वैशाखात साडेचारलाच उठते.
सातनंतर शाई जाळीतच वाळते,
मग राकेलचा बोळा घेऊन पुसत बसा.
अंधारातच फळीवर चौकट बसवते,
दाराच्या दोन जुन्या बिजागऱ्या,
पुढच्या कोपऱ्यांत चिकटवलेली रुपया-रुपयाची दोन नाणी,
म्हणजे जाळी कागदाला आधीच टेकत नाही.
टेकायचं ते फक्त रबराखाली,
तेवढ्यापुरतं,
आणि लगेच सुटायचं.
हे हिरामण चौकेंनी शिकवलं,
देसाईगंजात एकतीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या त्यांनी,
स्वतःची एकही नाही.

चित्र बाबांच्या फेकजाळ्याचं.
हवेत पूर्ण उघडलेलं,
वैनगंगेला अजून लागलेलं नाही.
काळ्या शाईने साध्या कागदावर काढलं,
पाठीमागून जवसाचं तेल चोळलं,
कागद माशाच्या पापुद्र्यासारखा झाला.
धानाच्या कोठीत, दार लावून,
जाळीवर पिवळं द्रावण ओढलं.
मग अंगणात:
खाली काळं कापड, जाळी, कागद,
वर खिडकीची काच.
घोंगडं काढायचं आणि ऊन मोजायचं.
पौषात दीडशे. आत्ता चाळीस.
आई शेजारणीला सांगते,
"आमची पोट्टी ऊन मोजते व माय."
अडतीस, एकोणचाळीस.
घोंगडं.

हापशीच्या पाण्याखाली
काळ्या रेघा होत्या तेवढ्याच विरघळल्या,
बाकी सगळं घट्ट बसलं.
बाबांनी चौकट उजेडात धरली.
"हे तं उलटं हाय.
सूत खुलं ठेवलं, भोकं बुजवली.
पानी कुठून जाईन?"
पाणी छापतच नाही, बाबा.
कागद कोरा सुटतो, ते पाणी.
"हं," म्हणाले,
आणि तंबाखू मळत राहिले.

एकदा खरं रेशीमही ताणून पाहिलं.
निमगड्यांच्या मागावरचं कोशाचं कापड,
वीतभर उरलेलं.
एक धागा जाड, एक बारीक,
मध्येच ऐनाच्या पानाचा कण.
रेघ कुठेच सरळ उतरली नाही,
जाळं जुनं, दहा ठिकाणी गाठलेलं दिसलं.
ते एकच आलं, मग कापड फाटलं.
अजून ट्रंकेत आहे. विकणार नाही.

पहिल्यांदा हलकं ओढायचं, शाई भरण्यापुरतं.
मग स्वतःकडे,
मनगटाने नाही, कमरेतून.
नीट ओढलं की
पातळ फाडल्यासारखा आवाज येतो,
मग चौकट उचलून बघावीही लागत नाही.
तरी बघते.
अठरा निघाले. उन्हाने तेवढेच दिले.
झिंगे वाळतात त्या दोरीवर
चिमट्यांनी टांगले;
मांजर दिवसभर खाली बसून होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी जाळी,
गेरूचा रंग, बाबांचा हात.
रंगारीही म्हणतातच, दुसरा हात मारला.
अकरांवर दोरी मुठीत आली.
सातांवर कागद सरकला,
की मी, सांगता येत नाही:
हात आणि दोरी यांच्यात
नखाएवढा कोरा कागद.

मला ते सातच आवडले.
वाटलं, जाळं सोडताना हात असाच असणार.
बाबांनी एक उचललं,
डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं.
"दोरी मनगटाले बांधली रायते, बाई.
नाई तं जायंच गेलं ना नदीत."
आणि खरंच, मनगटावर त्यांच्या
केस न उगवणारी गोल पट्टी आहे,
जी मी काढायलाच विसरले.

सातही ठेवलेत. आकडे टाकले नाहीत.

जाळी धुतली, सोडा लावून घासली,
शाई गेली, रेघा गेल्या नाहीत.
चौके याला भूत म्हणायचे.
उद्या याच जाळीवर
भाग्यश्री किराणाच्या दोनशे पिशव्या आहेत,
हिरवी अक्षरं, मोबाइल नंबर.
उजेडात धरली तर मागे जाळं दिसतं,
उघडं,
अजून पाण्याला न लागलेलं.
पिशवीवर नाही उतरणार.