तीनशे शब्दांत

पंकज म्हणतो, काकू, जन्मसालाच्या यादीत
खाली जा, अजून खाली,
तुमचं बरंच तळाला आहे.
मी माउसचं चाक फिरवते.
दोन हजार आठ, दोन हजार, सत्त्याण्णव…
विहिरीत बादली सोडावी तशी
दोर संपता संपता ब्याऐंशीला टेकते.

अभ्यासक्रम: फिजिशियन असिस्टंट.
डॉक्टरच्या उजव्या हाताला उभं राहायचं काम,
असं श्रुतिकानं, माझ्या लेकीनं, समजावलंय.

बारावीच्या मार्कशीटवर मी कुमुद वासुदेव तडस,
जीवशास्त्र शंभरात एकाहत्तर.
आधारवर कुमुद राजू खोंडे.
दोन्ही बाया एकच, असं आर्वीच्या वकिलानं
स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, साडेचारशे घेऊन.
मला अजून तेवढी खात्री नाही.

पुढचा रकाना: रुग्णसेवेचा अनुभव, तासांत.
पंकज शून्य टाकायला निघाला.
थांब, म्हटलं.

तेरा वर्षं पशुसखी आहे मी.
लस, जंताचं औषध,
मध्यरात्री अडलेली बकरी, टॉर्च दातात,
बांगड्या काढून आत घातलेला हात
आणि दोन पिल्लांचे पाय एकमेकांत गुंतलेले,
कोणता कोणाचा, बोटांनीच ओळखायचं.
त्याचे तास कुठल्या घड्याळात मोजू?
पंकज म्हणतो, माणसांचे पाहिजेत, काकू.

माणसांचं एकच आहे.
बचत गटाच्या सभेला बेबी मसराम
भिंतीला टेकून बसली होती, हप्ता मुठीत.
बाया म्हणाल्या, हिले तं कामाचा कंटाळा.
माझा अंगठा आपोआप उठला,
रोज चाळीस बकऱ्यांची पापणी खाली ओढून
लाल, गुलाबी की पांढरी बघणारा अंगठा.
बेबीची पापणी आतून
चुना लावल्यासारखी.
बकरी असती तर मालकाला सांगितलं असतं,
आजची रात्रही थांबू नको.

मालवाहू ऑटोत, कांद्याच्या पोत्यांवर बसून
आरोग्य केंद्रावर पोचलो. हिमोग्लोबिन चार पूर्णांक दोन.
डॉक्टर मॅडमनी कागद पाहिला, मग मला.
तुम्हाला कसं कळलं? तुम्ही कोण?
बेबीच म्हणाली, पडल्या पडल्या,
बकऱ्यावाली हाय आमची.
मॅडम हसल्या. वाईट नव्हतं ते हसू.
पण वर्ध्याला निघालेल्या गाडीत जागा असून
मला कोणी बस म्हटलं नाही,
आणि मागायला माझ्याकडे शब्द नव्हता.
(बेबी आता ठणठणीत आहे. हप्ते बुडवते.)

आपण या अभ्यासक्रमाकडे का वळलात?
तीनशे शब्दांत.
श्रुतिकानं वहीत लिहून दिलं होतं,
समाजसेवेची आवड, लहानपणापासूनचं स्वप्न.
खोडलं मी. लहानपणी मला
एसटीत खिडकीची जागा हवी होती, एवढंच.

लिही, मी पंकजला सांगते:
पापणी ओढून पाहता येते.
मग काय करायचं ते शिकायचं आहे.
त्यानं मोजले. दहाच झाले, काकू.
राहू दे, म्हटलं, बाकीचे रिकामे.

ओटीपी गेला राजूच्या फोनवर,
राजू वावरात, सोयाबीनच्या थ्रेशरजवळ.
नव्वद सेकंद. लावला फोन.
भुशातून, घरघरीतून त्याचा आवाज:
कायचा नंबर हाय वं हा?
मागून सांगतो, आधी वाच.
चार… आठ… थांब, चष्मा घरीच राह्यला.
सहा हाय का नऊ,
समदं गोल गोल दिसते.
एकवीस, वीस, पंकज मोजतो.
हात लांब कर, मी ओरडते,
फोन डोळ्यापासून लांब धर!
अर्ज भरायला आलेली पोरं
सगळी वळून माझ्याकडे बघतात.

नऊ, तो म्हणतो. नऊच हाय.